तीर्थनच्या पाण्यात गळ टाकताना

कुलू-मनालीला निघालेली आपली मराठी कुटुंबे बहुधा औटच्या बोगद्यातून सरळ पुढे जातात. बोगद्याच्या अलीकडेच एक रस्ता बंजारकडे वळतो आणि लारजीनंतर तीर्थन नदी त्याची सोबत करू लागते. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून उतरणारी ही नदी ट्राउट माशासाठी प्रसिद्ध आहे. हा मासा मूळचा येथला नव्हे. इंग्रज अमदानीत, 1909 च्या सुमारास, तो कुलूच्या नद्यांत सोडला गेला आणि या थंड, प्राणवायूने समृद्ध पाण्यात रुजला.

मत्स्य विभागाचा परवाना घेऊन येथे गळाने मासेमारी करता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ असल्याने तेव्हा बंदी असते. मे-जूनमध्ये, म्हणजे नेमके मुलांच्या सुट्टीत, बर्फ वितळून नदी फुगते. वर दुपारी वितळलेले पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात. म्हणून सकाळी उथळ व नितळ दिसणारा प्रवाह सायंकाळी गढूळ आणि जोरकस झालेला असतो. अशा वेळी सकाळच गाठावी. पावसाळ्यात या नदीच्या वाटेला जाऊच नये. सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर हा मात्र सर्वांत सुखाचा काळ.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, मोठ्या दगडाच्या आडोशाला थांबतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने, वाकून जावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. लहान स्पिनर किंवा पिसांची खोटी माशी दगडाच्या वर टाकून प्रवाहाबरोबर त्याच्यापर्यंत वाहू द्यावी. दोन-चार प्रयत्नांत मासा लागला नाही तर पुढचा दगड शोधावा. एकाच जागी तासभर बसणे ही आपल्या तळ्यावरची रीत. ती येथे कामाची नाही.

आता वैद्यकीय बाजू. थंड पाण्यात अचानक पडलेला माणूस नकळत जोराने श्वास ओढतो आणि तेवढ्यातच पाणी छातीत जाते. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. गुडघ्यावर पाणी येईल तेथे थांबा, हाती काठी ठेवा, शेवाळलेल्या दगडावर पाय देऊ नका. पाणी गढूळले, पाने-काटक्या वाहू लागल्या, की त्याच क्षणी काठावर या. प्रवाहात पडलातच तर उभे राहण्याची धडपड न करता उताणे व्हा आणि पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवा. बाहेर काढलेल्या माणसाचे ओले कपडे उतरवून त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळा आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. ‘ऊब येते’ म्हणून मद्य पाजण्याची प्रथा घातक आहे. त्याने शरीराची उष्णता उलट लवकर निघून जाते.

लारजीच्या धरणाखाली तर पाण्यात उतरूच नका. 8 जून 2014 रोजी धरणातून सोडलेल्या पाण्याने बियास नदीच्या पात्रात उभे असलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. तो दिवस पावसाचा नव्हता.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून घ्यावा. त्यामुळे सोडायचा मासा फारशी इजा न होता सुटतो आणि गळ आपल्याच बोटात रुतला तरी सहज निघतो. डोळ्याजवळ रुतलेल्या गळाला मात्र हात लावू नये. तसेच रुग्णालय गाठावे. मुलांना चष्म्याशिवाय जवळ उभे करू नये, आणि धनुर्वाताची लस सर्वांनी निघण्यापूर्वीच तपासून घ्यावी.

नदीतला मासा ओल्या हाताने धरून, शक्यतो पाण्यातच सोडून द्यावा; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. रात्रीच्या जेवणाची चिंता नको. खोऱ्यात रेनबो ट्राउटची शेततळी आहेत. मोहरीच्या तेलात परतलेला तो मासा पचायला हलका आणि ओमेगा-3 ने युक्त असतो. लहान मुलांना देताना मधला काटा आणि बारीक काटेही नीट काढून द्या.