पाण्याकाठची जागा

पहिला जोराचा पाऊस होऊन नीरेला गढूळ पाणी आलं, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बंधाऱ्यांखाली माणसं जमायला लागतात. मासे चढणीला लागलेले असतात. कोल्हापुरी बंधाऱ्याची भिंत त्यांची वाट अडवते आणि पायथ्याच्या फेसाळ पाण्यात ते घोटाळत राहतात. काठावर कुणाच्या हातात बांबूची काठी असते, कुणाकडे रील लावलेला रॉड, कुणी जाळं खांद्यावर टाकून गुडघाभर पाण्यात शिरलेला. एकाचा तंगूस दुसऱ्याच्या तंगुसावर पडतो, गुंता होतो, आवाज चढतात.

ही गर्दी नवी नाही. गर्दीत वागायची रीत मात्र विरत चालली आहे, आणि ती परत यायला हवी, असं प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटतं. त्याचं सगळं आयुष्य या दोन तालुक्यांच्या पाण्याकाठी गेलं, आणि त्यातला बराचसा काळ हातात गळ होता.

गळाशी त्याची ओळख नीरा डाव्या कालव्यावर झाली. ब्रिटिश काळात, १८८०च्या दशकात काढलेला हा कालवा बारामतीची ऊसशेती उभी करून पुढे इंदापुराकडे जातो. आवर्तन सुरू असताना त्याला वेगाची धार असते. आवर्तन बंद झालं की तळातल्या खोलगट जागी डबकी उरतात आणि त्यांत मासे कोंडले जातात. त्या दिवशी आसपासच्या वस्त्यांवरची पोरं कालव्यावर पळत. बांबूची काठी, बाजारातून आणलेला आकडा, तरंग्याला मोरपिसाचा दांडा आणि डब्यात ओल्या मातीतली गांडुळं, एवढं सामान पुरे होई.

तिथे जागेचे नियम थोरांकडून कळत. एक म्हातारे भोई काठावर बसलेले असायचे. कुणी घाईने त्यांच्या पुढ्यात दोरी टाकली, तर ते रागावत नसत. “पाव्हणं, जरा खालच्या अंगाला बसा की,” एवढंच म्हणत, आणि माणूस उठून खाली जाई. दुसऱ्याने पेंड किंवा कणकेचे गोळे टाकून जागा तयार केली असेल, तर तिथे बसायचं नाही. शेजाऱ्याच्या गळाला मोठा मासा लागला, तर आपली दोरी आधी वर घ्यायची, म्हणजे त्याला मासा खेळवायला पाणी मोकळं मिळतं. कुणी बसला असेल त्याच्या वरच्या अंगाला पाण्यात उतरून गाळ उठवायचा नाही. बोटभर मासा आला तर परत सोडायचा. यातला एकही नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता.

नदीकाठची गर्दी हा जगभरचा प्रश्न आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीलहेड नावाचा मासा असतो. हा रेनबो ट्राउटच. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. तो धरण्यासाठी लोक थंडीपावसात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात. चांगल्या जागा थोड्या आणि माणसं फार, म्हणून तिथे एक शिरस्ता पडला. पहिला माणूस वरच्या टोकापासून सुरुवात करतो, गळ टाकून झाला की पाऊल दोन पावलं खाली सरकतो. मागून येणाऱ्याने त्याच्या वरच्या बाजूने पाण्यात उतरायचं आणि त्याच्यामागून त्याच चालीने खाली यायचं. असं केलं की सगळी जागा सगळ्यांना मिळते. सरकत येणाऱ्या माणसाच्या पुढ्यात, खालच्या अंगाला उतरणं हा तिथला मोठा उद्धटपणा. तिथे काठावर चालत्या माणसांची रांग असते. आपल्याकडे गळवाला एका जागी बसतो, म्हणून भोईआजोबांचं “खालच्या अंगाला बसा” तिथे चालणार नाही. रीत पाण्यासारखी बदलते. आधी आलेल्याचा मान दोन्हीकडे सारखाच. मासे घटले तेव्हा तिथल्या सरकारलाही नियम कडक करावे लागले. वॉशिंग्टन राज्याने डिसेंबर २०२०मध्ये ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या किनारी नद्यांवर बोटीत बसून गळ टाकायला बंदी घातली.

इंदापुरात पाण्याचा नकाशाच बदलला. १९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेचं पात्र पळसदेव, भिगवण, कुंभारगावपर्यंत पसरलं. सुमारे ११७ टीएमसीच्या या जलाशयाने गावं, मळे आणि पळसदेवचं जुनं शिवमंदिर पोटात घेतलं. लेखकाच्या पिढीने वाहती भीमा पाहिली आणि नंतर तिचं तळं झालेलंही पाहिलं. नदीला डोह होते, वळणं होती. कुठली जागा कुणाची हे गावाला माहीत असे. जलाशयाला अशी खूण नाही, आणि पाणी चढेल-उतरेल तसा काठही सरकतो. नोकरीला लागल्यावर लेखक सुट्टीच्या दिवशी उजनीवर जाऊ लागला, तेव्हा जुने नियम नव्या पाण्यावर कसे लावायचे हे कुणीच कुणाला शिकवत नव्हतं.

तरी उजनीने पोट भरलं. भोई कुटुंबांबरोबर जमीन गेलेल्या कित्येकांनी जाळी धरली, आणि भिगवणच्या मासळीचं नाव पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या प्रत्येक प्रवाशाला माहीत झालं. कटला, रोहू, मृगळ हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, इथे बीज सोडून वाढवलेले. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. कटला अंडी घालण्याजोगा व्हायला दोन-तीन वर्षं जातात. बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लं ओढली, तर एकदाही न व्यालेला मासा बाजारात जातो. चिलापीची गोष्ट वेगळी. १९५२मध्ये भारतात आणलेली ही परदेशी जात वर्षातून अनेकदा पिल्लं देते, मादी अंडी तोंडात सांभाळते, आणि तिची वाढ आवरणं कठीण जातं. म्हणून चिलापी हवी तेवढी धरावी, पण कटल्या-रोहूच्या पिल्लांना पाण्यात राहू द्यावं, हा साधा हिशेब आहे.

पाणी आटतं तेव्हा सगळ्यांची परीक्षा होते. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांजवळ गेलं आणि पळसदेवचं मंदिर पूर्ण उघडं पडलं. मासे उरल्यासुरल्या पाण्यात एकवटले, आणि एका जागी एकवटलेला मासा धरायला कसब लागत नाही. अशा वेळी स्वतःला आवरणं हाच खरा कस. विष किंवा सुरुंगाचा सोपा मार्ग १८९७च्या मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवला आहे.

हिवाळ्यात कुंभारगावला वेगळी गर्दी होते. रोहित पक्षी उथळ पाण्यात उतरतात आणि त्यांना पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. होड्या चालवणारे बहुतेक मच्छीमार कुटुंबांतलेच. जाणता होडीवाला थव्यापासून लांबच इंजिन बंद करतो आणि पुढे बांबूने होडी ढकलतो. पाहुण्यांना मात्र थवा उडतानाचा फोटो हवा असतो, आणि ते आणखी जवळ न्यायचा आग्रह धरतात. त्या आग्रहात पक्ष्यांचं चरणं मोडतं आणि पाण्यातली जाळीही इंजिनाखाली येतात. पाण्यावरची बेफिकिरी माणसांनाही महागात पडते. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तेव्हापासून लाइफ जॅकेट न घालता होडीत बसणं लेखकाने सोडलं, आणि सोबत्यांनाही तो बसू देत नाही.

आज रविवारी उजनीच्या काठावर महागडे रॉड घेतलेले तरुण दिसतात. त्यांचा उत्साह चांगला आहे. पाण्याची ओढ असलेली माणसं वाढली, तर पाणी राखायला हातही वाढतील. त्यांनी एक क्रम ध्यानात ठेवावा. आधी ज्यांचं घर या पाण्यावर चालतं ते, मग आधी येऊन बसलेला, आणि मग आपण. थर्माकोल किंवा बाटल्या तरंगताना दिसल्या, तर खाली कुणाचं तरी जाळं आहे. तिथे गळ टाकू नये. तुटलेला तंगूस काठावर सोडू नये, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

ग्रामपंचायतींनी आणि मच्छीमार संस्थांनी बंधाऱ्यांवर पाट्या लावाव्यात: जाळ्याचा आस किती असावा, कुठला मासा परत सोडावा, पहिल्या पुराचे काही दिवस भिंतीखाली जाळं का टाकू नये. पाट्या लागेपर्यंत थांबायची गरज नाही. या पावसाळ्यात नीरेवर किंवा भीमेवर जाल, तेव्हा आधी बसलेल्या माणसाला “इथं बसू का?” असं विचारा. तो म्हणेल त्या अंगाला बसा, आणि अंड्यांनी भरलेली मादी गळाला लागली तर ती परत पाण्यात सोडा.