टिनाचे घर आणि लॅपटॉपची वॉरंटी

मी कारकून माणूस. बी.कॉम. झाल्यापासून कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. आलेला कागद फेकायचा नाही ही सवय घरातही लागली. आमची मंडळी यावरून हसतात. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात या सवयीचा उपयोग झाला. वस्तीतील पुष्कळ मुलांच्या हाती आता लॅपटॉप आले आहेत, म्हणून ही हकिकत सांगतो.

माझी मुलगी बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्यासाठी जून २०२३ मध्ये पतसंस्थेचे कर्ज काढून ४१,५०० रुपयांचा लॅपटॉप घेतला. वॉरंटी एक वर्षाची. फेब्रुवारीत त्याच्या आतल्या पंख्याचा घर्रघर्र आवाज येऊ लागला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी साफ करून परत दिला. जॉबशीटवर लिहिले, 'पंख्याचा आवाज, मशीन तापते.' तो कागद मी फाईलला लावला.

मे महिन्यात लॅपटॉप बंदच पडला. खालचे झाकण पंख्याच्या जाळीपाशी वाकले होते. कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायला बारा दिवस उरले होते. आम्ही बापलेक नागपूरच्या उन्हात पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने झाकण उघडून पाहिले आणि विचारले, "काका, घर टिनाचं आहे का?"

मी काही बोलण्याआधीच मुलीने "हो" म्हटले. खोटे कशाला बोलायचे?

त्याने जॉबशीटवर लिहिले, 'उष्णतेने नुकसान, ग्राहकाचा निष्काळजीपणा, वॉरंटी लागू नाही.' दुरुस्तीचा अंदाज २३,६०० रुपये. पुस्तिकेतील ओळही त्याने दाखवली. मशीन ५ ते ३५ अंश तापमानात वापरावे. परतताना मुलगी बसमध्ये एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर आईला म्हणाली, "आपलं घरच चुकलं म्हणतात." पैशाचे दुःख होतेच, पण हे वाक्य मला जास्त लागले.

वस्तीतले कार्यकर्ते म्हणाले, "भाऊ, पन्नास जण नेऊ, घेराव घालू." मी नको म्हटले. काउंटरवरचा मुलगा पगारी नोकर. कारण ठरवणारे दुसरीकडे बसतात, आणि त्यांच्यापर्यंत कागदच पोहोचतो.

रात्री लॅपटॉप उपडा करून नीट पाहिला. झाकण पंख्यापाशीच वाकले होते, बाकी सगळे जसेच्या तसे. टिनाखालच्या उन्हाने प्लास्टिक वाकत असते, तर त्याच खोलीतला टीव्हीचा रिमोट, कंगवा, पाण्याची बादली यांचे काय झाले असते? उष्णता आतून आली होती. वस्तीत मोबाईल दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. त्याने समजावले की लॅपटॉपच्या प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून पंख्याकडे येते आणि पंखा ती बाहेर फेकतो. पंखा अडकला तर ती आतच साचते. फार तापले तर मशीनने आपोआप बंद व्हावे अशी सोय असते. आमच्या मशीनमध्ये ती सोय वेळेवर चालली नाही, हाच दोष.

मग मुलीला विचारले, "गादीवर ठेवून वापरला होता का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "दोन-तीनदा, बाबा. पाठ दुखायची म्हणून." गादीने जाळी बंद होते, हे मलाही त्याच दिवशी कळले. कार्यकर्ते म्हणाले, "हे लिहू नका." मी दोन दिवस विचार केला आणि लिहिले. उद्या चौकशीत एक गोष्ट खोटी निघाली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवणार?

पत्रात मुख्य भर तारखांवर दिला. पंख्याची तक्रार फेब्रुवारीची, नागपूर तापायच्या आधीची, आणि ती तुमच्याच हस्ताक्षरात आहे. दुरुस्ती केलीत तर बिघाड राहिला कसा? दुसरे असे की नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे विकणाऱ्याला माहीत आहे. ३५ अंशांच्या वर चालणार नसेल तर विकताना का सांगितले नाही? स्लॅबच्या घरातही तेव्हा ३५ अंश कुठे असतात!

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. कंपनीने जॉबशीटवरचेच वाक्य परत पाठवले. मग कंपनीच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस धाडली. सोबत बिल, दोन्ही जॉबशीट आणि झाकणाचे फोटो. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन असे कळवले.

ही नुसती धमकी नव्हती. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. वस्तूतला दोष नुसता पाहून ठरत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. हे शेवटचे वाक्य मी नोटिशीत मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात टाकले.

अकराव्या दिवशी फोन आला. लॅपटॉप पुन्हा तपासला गेला. पंखा आणि मदरबोर्ड फुकट बदलून मिळाले. झाकणाचे आणि फुगलेल्या बॅटरीचे ६,२०० रुपये मात्र आम्हाला भरावे लागले. आयोगात गेलो असतो तर कदाचित तेही मिळाले असते. पण मुलीला मशीन हवे होते, आणि गादीची गोष्ट माझ्या मनात होतीच. माझ्या दोन किरकोळ रजा गेल्या. प्रोजेक्ट तिने मैत्रिणीच्या घरी रात्री जागून पूर्ण केला, त्याची भरपाई कोणी दिली नाही.

लॅपटॉप आणायला गेलो तेव्हा काउंटरवर तोच मुलगा होता. माझी सही घेताना हळूच म्हणाला, "काका, फॉर्ममध्ये जेवढी कारणं दिलीत, त्यातलंच एक टाकावं लागते. आमचंही घर टिनाचंच आहे."

आता लॅपटॉप लाकडी पाटावर असतो. आमची फाईल वस्तीत फिरते आहे. गेल्या आठवड्यात एक भाऊ कूलरची तक्रार घेऊन आले. मोटर जळाली, दुकानदार ऐकत नाही. बिल पाहिले तर त्यावर तारीखही नाही आणि शिक्काही नाही. त्यांना आधी दुकानात परत पाठवले आहे.