डावीकडून तिसरा कोण?

पुतण्याच्या लग्नाचा करिझ्मा अल्बम घरी आला तो मखमली पेटीतून. उचलायला जड. पानागणिक नवरा-नवरी, मागे कुठलासा राजवाडा, जो आमच्या वाशीम जिल्ह्यात तरी नाही. पाहुणे कडेकडेला, टिकलीएवढे. एवढ्या जाड पुस्तकात लिहिलेलं काय, तर दोघांची नावं आणि तारीख. नवरीच्या गालाला हात लावून रडणारी म्हातारी कोण, हे चाळीस वर्षांनी सांगायला कोणी उरणार नाही. अल्बमला पैसे मात्र इतके पडले, की तेवढ्यात बाबांचं अख्खं लग्न दोनदा झालं असतं.

बाबांचं सहस्रचंद्रदर्शन 2023 मध्ये आलं. शाल-श्रीफळ, लाडूंची तुला हे ठरलेलंच होतं. त्याखेरीज आम्ही भावंडांनी एक वही करायची असं मनावर घेतलं. कारंज्याच्या घरातले फोटो, पत्रिका, पत्रं, पावत्या, सगळं एका ठिकाणी. पुण्याहून आलेली भाची म्हणाली, "मावशी, हे तर स्क्रॅपबुक!" तिने येताना चमकीचे कागद, फितींची रिळं, कागदाची फुलं कापायचं पंचिंग मशीन असं बरंच आणलं होतं. पोरीचा उत्साह दांडगा. पण आधी चिकटवायचं काय ते तर ठरू दे, असं म्हणून मी तो पसारा बाजूला ठेवायला लावला.

खरा माल निघाला माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून. बाबा जिनिंगमध्ये मुनीम होते आणि घरची थोडी शेतीही होती. कागद फेकणं त्यांच्या स्वभावातच नाही. पेटीत कापसाच्या पावत्यांचा गठ्ठा सापडला, सरकारी एकाधिकार खरेदीच्या काळातला. 1972 साली ती योजना सुरू झाली आणि तेव्हापासून आमच्या घरातला प्रत्येक मोठा खर्च चुकाऱ्याच्या, म्हणजे कापसाचे पैसे हाती येण्याच्या, तारखेला बांधला गेला. चुकारा आला की कपडे, चुकारा लांबला की कपडेही लांबले. एका पानावर आम्ही अशी एक पावती लावली आणि तिच्याखाली माझा नव्या फ्रॉकातला फोटो. फोटोत फ्रॉक दिसतो. दिवाळीचा फ्रॉक होळीला का अंगावर आला, ते पावती सांगते.

लग्नपत्रिकांचं पान मात्र ठरवून केलेलं नाही, ते आपोआप झालं. आजोबांच्या 1935 च्या पत्रिकेवर पत्ता होता कारंजा, तालुका मुर्तिजापूर, जिल्हा अकोला, वऱ्हाड. मोठ्या आत्याच्या 1954 च्या पत्रिकेवर त्याच घरापुढे मध्य प्रदेश, कारण तेव्हा आपली राजधानी नागपूर आणि राज्य मध्य प्रदेश होतं. काकांच्या 1958 च्या पत्रिकेवर मुंबई राज्य, बाबांच्या 1967 च्या पत्रिकेवर महाराष्ट्र. माझं लग्न 1992 चं, तेव्हाही जिल्हा अकोलाच. धाकट्या भावाच्या 1999 च्या पत्रिकेवर पहिल्यांदा जिल्हा वाशीम छापून आलं, कारण 1 जुलै 1998 ला जिल्हा वेगळा झाला होता. घर एक इंचही हललं नाही. आईच्या माहेरी, रिसोडला, एका जुन्या खरेदीखतात बाशीम जिल्हा असं आहे. तो इंग्रजी अमदानीत होता आणि 1905 ला अकोल्यात मिसळून टाकला होता. त्याची झेरॉक्स पानाच्या डोक्यावर लावली. इतिहासाच्या पुस्तकाला हात न लावणारा भाचा या पानावर बराच वेळ बसून होता.

आता एका ग्रुप फोटोकडे येते. बाबांच्या लग्नातला. मोठी माणसं खुर्च्यांवर, बाया मागे उभ्या, पोरं सतरंजीवर. फोटोच्या पाठीवर काही लिहिलेलं नाही, हिंदी नाही, इंग्रजी नाही, मराठी नाही. पंच्याऐंशीच्या मोठ्या आत्याला आम्ही भिंग देऊन बसवलं.

"हा तं दारव्ह्याचा मामा होय. नाई, थांब वं, मामाची टोपी काळी होती."

"आत्या, मामा आले होते का लग्नाला?"

"आले नाई तं काय! सगळ्यांत जास्त जेवले ते."

फोटोवर बटर पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा पेन्सिलने गिरवली आणि आत आकडे टाकले. खाली आकड्यांपुढे नाव, नातं, गाव. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये दोन पानांच्या मध्ये बटर पेपर असायचाच, म्हणून हा कागद वहीत परका वाटत नाही. एकेक नाव लागत गेलं. अडलं ते खुर्च्यांच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या गृहस्थांपाशी. कोट, फेटा, मांडीवर एक खोका. आत्याच्या मते ते बँडवाले. बाबा म्हणाले, बँडवाला खुर्चीवर कसा बसेल? काकूंनी त्यांना आपल्या माहेरचे ठरवून टाकलं, पण काकू त्या लग्नात नव्हत्याच.

उत्तर सापडलं आहेराच्या वहीत. लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली, पहिल्या पानावर श्री आणि स्वस्तिक. लग्नात मांडवाच्या दाराशी अक्षर बरं असलेल्या एखाद्या पोराला बसवायचे आणि आहेर देणाऱ्याचं नाव-गाव लिहून घ्यायचे, ती ही वही. एक रुपया, दोन रुपये, क्वचित पाच. पितळी तांब्या, स्टीलचा गिलास, लुगडं, टॉवेल-टोपी. पुढे त्या घरच्या लग्नाला जायचं तर आधी ही वही उघडायची, त्यांनी काय घातलं होतं ते पाहायचं आणि त्याला शोभेल असा आहेर न्यायचा. कोणाला ही देवाणघेवाण हिशेबी वाटेल. मला विचाराल तर घरातल्या सगळ्या कागदांत हा सर्वांत खरा. यात कोणी पोज घेतलेली नाही. कोण कुठून आलं, कोणाची ऐपत किती, ऐपत नसताना कोणी जास्त दिलं, सगळं आहे. तर त्या वहीत एक ओळ होती. मंगरूळपीरचे एक हेडमुनीम, आणि पुढे अलार्म घड्याळ. घड्याळाचं नाव ऐकताच बाबा ताठ बसले. मांडीवरचा खोका घड्याळाचा! बाबांना जिनिंगमध्ये लावलं ते याच गृहस्थांनी. त्यांचं पूर्ण नाव आता आकड्यापुढे लिहिलेलं आहे.

हे झाल्यावर मी भाचीला सांगितलं, आता फुलं काप.

पेटीत पत्रं पुष्कळ होती, पोस्टकार्डं जास्त, आंतरदेशीय कमी. मोठी आत्या सासरहून लिहायची तिची अक्षरं उतारावरून घसरत गेलेली. पण आजोबा कधी गेले, आजी कधी गेली, याचं एकही पत्र नाही. निधनाचं कार्ड वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही रीत. त्यामुळे घरभर जन्म आणि लग्नंच साठलेली, मरणं नाहीत. आम्ही एका पानावर गेलेल्यांच्या तिथ्या लिहिल्या, आत्याला विचारून. तिला श्राद्धाच्या तिथ्या पाठ आहेत, इंग्रजी तारखा नाहीत. धाकट्या भावाला आधी हे पान नको होतं. शुभकार्याच्या वहीत हे कशाला, असं त्याचं म्हणणं. बाबाच म्हणाले, "राहू दे. ते होते म्हणून तं आपण आहो."

कागद नसलेली आणखी एक गोष्ट होती. मोठ्या आत्याच्या लग्नाचं वऱ्हाड दारव्ह्याहून आलं ते शकुंतला गाडीने. मुर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज, वऱ्हाडचा कापूस वाहून न्यायला टाकलेली, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. आता बंद आहे. तिचं एकही तिकीट आमच्याकडे नाही, कारण पुठ्ठ्याचं ते तिकीट उतरताना फाटकावर परत द्यावं लागे. मग भाच्याने मुर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंतचा मार्ग रंगीत पेन्सिलींनी काढला आणि आत्याने सांगितलं ते त्याच्याखाली तिच्याच बोलीत लिहून घेतलं: "गाडी इतकी हळू, का नवरदेवाचा भाऊ खाली उतरे, बोरं तोडे अन् परत चढे." यातलं खरं किती ते विचारू नका. वस्तू नसेल तर आठवण लिहावी, चित्र काढावं. बाजारात जुन्या तिकिटांसारखी दिसणारी छापील तिकिटं मिळतात, भाचीकडेही होती. ती मी लावू दिली नाहीत.

बांधणीचं म्हणाल तर आमचे गुरू शेजारीच निघाले. कारंजा हे दत्तभक्तांना नृसिंह सरस्वतींच्या जन्माने ठाऊक असतं, पण तिथल्या जैन मंदिरांतली हस्तलिखितं अभ्यासकांच्या वर्तुळात तितकीच प्रसिद्ध. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला कवी. त्याचं 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य कारंजा जैन ग्रंथमालेत 1931 साली प. ल. वैद्यांनी संपादित केलं, आणि 'णायकुमारचरिउ' 1933 साली हीरालाल जैनांनी. कागद इतकी वर्षं टिकतो कसा? शेजारच्या जैन काकूंनी सांगितलं ते अगदी साधं. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, पोथ्या बाहेर काढायच्या, पुसायच्या, नवं सुती वेष्टन बांधायचं. म्हणजे दरवर्षी, पावसाळा तोंडावर असताना, प्रत्येक पोथीला माणसाचा हात लागतो. कसर, वाळवी, ओल, जे काय असेल ते तेव्हाच कळतं.

काकूंनी आणखी एक सांगितलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. जुन्या पोथीच्या शेवटी लेखक आपली नोंद करतो. कोणत्या गावी, कोणत्या तिथीला लिहिली, कोणत्या कुटुंबाने लिहवून घेतली, कोणत्या व्रताच्या निमित्ताने कोणाला दान केली. शेवटी वाचणाऱ्याला हात जोडून विनंती, की हिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून सांभाळ. आमच्याही वहीच्या शेवटच्या पानावर तशी नोंद आहे. कोणी केली, कुठे बसून, कोणत्या निमित्ताने, फोटोंतली नावं कोणी सांगितली. विनंतीही आहे, फक्त तेलाच्या आधी चहा घातला.

सामानाबाबत थोडं सांगते, कारण नासाडी इथेच होते. चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे ते अल्बम घरोघरी आले होते, आमच्याकडेही. त्यांतले फोटो आता पानाला घट्ट बसले आहेत. ओढून काढू नयेत. आधी मोबाईलवर फोटो घ्यावा, मग शिवणाचा दोरा ताणून धरून खालून हळूहळू करवतीसारखा सरकवावा. निघाला नाही तर पान कापून तसंच लावावं. सेलोटेप पिवळी पडते आणि डाग ठेवते. लॅमिनेशन एकदा केलं की परत काढता येत नाही. आम्ही फोटो कागदी कोपऱ्यांत बसवले आणि कागद गव्हाच्या खळीने लावले, जी पाण्याने सुटते. एटीएमची, दुकानाची पावती काही वर्षांत कोरी होते, वर्तमानपत्राचं कात्रण तपकिरी पडतं. दोन्हींची झेरॉक्सच लावावी. फोटोमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनाने नाही, कारण त्याचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.

कापडालाही वहीत जागा आहे. माझी एक मैत्रीण मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरची. तिने माझं पाहून आईची वही केली. आई आता फेटिया-कांचळी घालत नाही. जीर्ण झालेल्या कांचळीचा आरशांचा तुकडा तिने पहिल्या पानावर टाके घालून बसवला. कागदावर डिंकाने आरसे चिकटवण्यापेक्षा ते कितीतरी देखणं झालंय. शेजारी आईने ते भरतकाम कोणाकडून शिकलं, हेही लिहिलंय.

सहस्रचंद्रदर्शनाला बाबांनी वही हातात घेतली, चष्मा पुसला आणि हिशेब तपासावा तशी पहिल्या पानापासून तपासली. डोळे भरून येतील, दोन शब्द बोलतील अशी आमची अपेक्षा. त्यांनी खिशातला लाल पेन काढून काही तारखा दुरुस्त केल्या आणि एका चुलत आजोबांचं गाव बदललं. दुरुस्त्या तशाच ठेवल्या आहेत. मूळ वही कारंज्यालाच राहते, सुती कापडात बांधून. बाकीच्यांना तिच्या रंगीत प्रती दिल्या. दरवर्षी मृगाच्या आधी जो कारंज्यात असेल त्याने ती उघडायची.

तुमच्या घरी माळ्यावर आहेराची जुनी वही असेल, लाल पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली. घराला रंग द्यायला काढलं की सगळ्यांत आधी तीच रद्दीत जाते. तेवढी देऊ नका.