लेन्समधलं पाणी

चि. सईस,



‘लेन्समध्ये पाणी जास्त तेवढी ती चांगली’ असं मैत्रिणीने सांगितलं, तू तशीच घेतलीस, आणि तरी संध्याकाळी डोळे चुरचुरतात म्हणतेस. मैत्रीण अगदीच चुकलेली नाही, तिची माहिती जुनी आहे एवढंच. आणि गंमत म्हणजे ती माहिती जन्मली तुझ्याच प्रागमध्ये.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंत विरघळलेला घेतो. पूर्वीच्या हार्ड लेन्स प्लेक्सिग्लासच्या, त्यांच्यातून हवा मुळीच जात नसे. पापणी लवताना लेन्सखाली नवे अश्रू शिरतील तेवढाच वारा. दिवसभर घालणं म्हणजे शिक्षाच होती.

प्रागच्या ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम या रसायनशास्त्रज्ञांनी पाणी शोषून मऊ होणारं प्लास्टिक शोधलं. पण बंद साच्यात केलेल्या लेन्सच्या कडा फाटक्या निघायच्या आणि डोळ्याला टोचायच्या. सरकारने या कामाचा हात सोडला. मग १९६१ च्या नाताळात विख्टर्लेंनी घरीच मुलांच्या मेर्कुर खेळण्याचे (आपल्याकडच्या मेकॅनोसारखं) भाग जोडले, त्यांना सायकलचा डायनॅमो लावला आणि साचा गरगर फिरवला. फिरता फिरताच द्रव घट्ट झाला आणि कड गुळगुळीत आली! पुढे पत्नी लिंडासह त्यांनी घरच्या घरी हजारो लेन्स केल्या. हक्क अमेरिकन कंपनीला विकले गेले, १९७१ मध्ये तिथे मऊ लेन्सला परवानगी मिळाली. पैसा तिकडे झाला, विख्टर्लेंच्या हाती फारसं काही लागलं नाही. मला याचा अजून राग येतो.

त्या लेन्समध्ये सुमारे ३८ टक्के पाणी असे आणि प्राणवायू त्या पाण्यातूनच जाई. म्हणून पुढचे सगळे पाणी वाढवण्याच्या मागे लागले. पण जास्त पाण्याची लेन्स हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत सुकते. त्यात तू लॅपटॉपसमोर पापण्याही कमी लववतेस. १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल आलं. त्यात प्राणवायू सिलिकॉनमधून जातो, त्यामुळे पाणी कमी असलं तरी चालतं. तेव्हा आता दुकानात पाण्याची टक्केवारी विचारू नकोस, लेन्समधून प्राणवायू किती जातो ते विचार.

परवडत असेल तर रोज टाकून द्यायच्या घे. डबी नाही, द्रावण नाही. पण आधी बुबुळावरच्या पडद्याचा बाक मोजून घे आणि लेन्स डोळ्यांत घालून तपासून घे. चष्म्याचा कागद दाखवून ऑनलाइन मागवू नकोस. तुझा नंबर मोठा आहे, आणि चष्मा डोळ्यापासून लांब बसतो, म्हणून लेन्सचा नंबर वेगळा येतो.

झोपताना काढायच्याच. मिटलेल्या डोळ्याला मुळात प्राणवायू कमी मिळतो. आणि नळाच्या पाण्याने लेन्स कधीही धुवायची नाही, घालून पोहायचंही नाही. पाण्यातला अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव पडद्यात शिरला तर महिनोन्‌महिने औषधं घालावी लागतात, नजरही जाऊ शकते.

डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सोसवेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काढलेली लेन्स टाकू नकोस, सोबत ने. जंतू तपासायला ती लागते. जुना चष्मा बॅगेत असू दे. तुझी आई म्हणते तो आता सैल झालाय, तर तिथेच नीट करून घे.

तुझी,
मंगलआत्या