पाऊस बदलतो, बोर्ड बदलत नाही

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सपाट भागात कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी १००. आणि जुलैत, वायपर फुल्ल फिरवूनही पुढचा ट्रक नीट दिसत नाही, तेव्हाही १००च. कॅमेऱ्याच्या लेखी दोन्ही दिवस सारखेच.

साधं गणित बघा. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. धुक्यात ५० मीटरवरचंच दिसत असेल, तर बंद पडलेला ट्रक दिसल्यापासून धडकेपर्यंत दोन सेकंदही मिळत नाहीत. त्यातला एक तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. वर रस्ता ओला.

यावर लोक म्हणतात, "ज्याला कळतं तो आपणहून हळू चालवतो की!" खरंय. पण खरा धोका तिथेच आहे. समजूतदार माणूस ५० वर येतो आणि त्याच्या मागचा, बोर्डावरच्या मर्यादेतच असलेला, १०० ने येतो. हळू चालवायचं तर सगळ्यांनी मिळून, आणि त्यासाठी नियम लागतो.

हे काही जगावेगळं नाही. फ्रान्समध्ये मोटरवेवर १३० ची मर्यादा पावसात ११० होते आणि ५० मीटरच्या आतलंच दिसत असेल तर थेट ५०. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही, नियम सगळ्यांना पाठ असतो. आपल्याकडेही यमुना एक्स्प्रेस वेवर हिवाळ्यात धुक्यासाठी कारची मर्यादा १०० वरून ७५ वर आणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य सरकार ठरावीक रस्त्यापुरती मर्यादा ठरवू शकतं. निर्बंध महिनाभरापेक्षा जास्त टिकणार नसेल, तर राजपत्रातल्या अधिसूचनेचीही गरज नाही. म्हणजे कायदा आडवा येत नाही.

एक आक्षेप मात्र मला पटतो. आकडा सारखा बदलायला लागला की तो दंडाचा सापळा होईल, ही भीती. आधीच ई-चलान म्हटलं की लोक वैतागतात. म्हणून दोन अटी हव्यात. मर्यादा खाली आणली की पहिली काही मिनिटं दंड नको. आणि चलानवर नुसता माझा वेग नको, त्या क्षणी बोर्डावर कोणता आकडा होता तोही छापा. हे जमत नसेल तर बदलती मर्यादा आणूच नका, कारण ज्या आकड्यावर विश्वास नाही तो कुणी पाळणार नाही.

बदलणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड सगळीकडे लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही. आत्ताच्या १०० च्या बोर्डाखाली एक साधी पाटी लावा: 'पावसात ८०'. दाट धुक्यासाठी आणखी एक आकडा. येत्या पावसाळ्याआधी एवढं तरी होऊ शकतं.

तुमच्यापैकी जे दर आठवड्याला हा रस्ता करतात, त्यांनी सांगा: ८० बरोबर की अजून कमी?