फोटोंची उतरंड

कपाशीतल्या कामगंध सापळ्यांचे फोटो तुम्ही गावच्या कृषिमित्राला पाठवता आणि दर तिसऱ्या दिवशी त्याच्या फोनातून मी ते संगणकावर उतरवून घेतो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडले की उपाय करायचा, हे आता घरातल्या पोरींनाही पाठ आहे. पण फोटो कोणत्या गावचा नि कोणत्या रात्रीचा हेच कळेना, तर मोजलेले पतंग काय कामाचे?

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोला फोन आपणच नाव देतो. आधी तारीख, मग 0003 असा काही आकडा. ही तारीख फोटो आल्याची, काढल्याची नव्हे. शिवाय त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या फोनातही एक 0003 असतोच. दोन्ही एका फोल्डरात टाकले तर एक दुसऱ्याला गिळतो. गेला तो कुणाचा, कोण सांगणार?

माझ्या संगणकावर लिनक्स आहे. त्यात पाच-सहा ओळींची आज्ञापत्रिका लिहून ठेवता येते, तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. 'फाइंड' ही आज्ञा सगळे फोटो हुडकते. 'एमव्ही' ही आज्ञा त्यांना नवे नाव देते आणि नव्या जागी नेते. पूर्वी लग्नात मुलीचे नाव आणि घर एकदमच बदलायचे, तसेच हे! माझी स्क्रिप्ट जुन्या नावाआधी गावाचे नाव जोडते. तारखेत वर्ष पुढे असते, म्हणून फोटो आपोआप क्रमाने लागतात. गट नंबर लिहायचा तर 2 ऐवजी 002 लिहावा, नाहीतर 10 आधी येऊन बसतो.

मात्र एमव्ही विचारत बसत नाही. त्या नावाची फाइल असली तरी तिच्यावर दुसरी चढवते, आणि गेलेली परत येत नाही. म्हणून पहिल्या फेरीला आज्ञेपुढे 'इको' लिहावे. मग ती काय करणार एवढेच पडद्यावर दाखवते, फाइलीला हात लावत नाही. खऱ्या फेरीला 'डॅश एन' लावावे. मग नाव जुळलेला फोटो जुन्या जागीच राहतो. गावाच्या नावात बुद्रुक किंवा खुर्द असेल तर नाव अवतरणचिन्हांत घालावे. नाहीतर शेल त्याची दोन नावे समजते. कॉलेजात जाणारे तुमचे पोर हे एका दुपारी शिकेल.

एक गोष्ट मात्र स्क्रिप्टला जमत नाही. रेंज नसली की सोमवारचा फोटो मंगळवारी पोचतो आणि दोन रात्रींची एकच तारीख होते. तेव्हा फोटो काढताना सापळ्याशेजारी मुलांची पाटी धरा. तिच्यावर गाव, गट नंबर आणि आदल्या रात्रीची तारीख खडूने ठळक लिहा.