गिटार घेऊन डूलिनला

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाचा परगणा आहे. तिथल्या एनिस गावात बस पकडायची आणि दगडी गडगे, मेंढ्या, भुरभुर पाऊस बघत बघत डूलिनला उतरायचं. गाव अगदी एवढंसं. समोर अटलांटिक महासागर, त्यात अॅरनची बेटं आणि दक्षिणेला मोहरचे सरळसोट कडे, २१४ मीटर उंचीचे! लोक कडे बघायला येतात. मी मात्र खांद्यावर गिटार अडकवून आलो होतो, तो संध्याकाळसाठी.

संध्याकाळी तिथल्या पबमध्ये ‘सेशन’ बसतं. पब म्हटल्यावर आईबाबांच्या भुवया चढतील. पण तिथला पब म्हणजे गावाचा कट्टाच. कुणी सूप-पाव खातंय, कुणी पावसाला नावं ठेवतंय आणि कोपऱ्यात वादक गोल करून बसलेत. फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच), बासरी, इवलीशी कॉन्सर्टिना आणि पत्र्याची शिट्टी, टिन व्हिसल. कुणापुढे कागद नाही. धून सुरू झाली की आठ आवर्तनांचा पहिला भाग दोनदा, मग दुसरा भाग दोनदा. असं सगळं तीनेकदा फिरलं, की न थांबता, न सांगता थेट दुसरी धून! ‘जिग’ चालते आपल्या दादऱ्यासारखी सहाच्या चालीत, आणि ‘रील’ चारच्या, पण काय सुसाट!

सगळे वाजवतात ती एकच धून. कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम छेडणं, हे मूळच्या आयरिश वादनात नव्हतंच. गिटार तर या घरातली अगदी नवी सून! १९२०च्या दशकात मायकेल कोलमन या थोर फिडलवादकाच्या तबकड्या न्यूयॉर्कला निघाल्या. त्यांतल्या काहींत साथीचा पियानोवाला खुशाल भलतेच कॉर्ड बडवतो. ऐकताना मी खूप हसलो होतो.

आणि पहिल्याच संध्याकाळी मी तेच केलं!

एक रील सुरू झाली. सूर उदास, म्हणून मी ओळखलं, ई मायनर. पुस्तकात शिकलो होतो, ई मायनरच्या जोडीला बी सेव्हन. जोरात लावला. फिडलवाल्या आजोबांनी फक्त मान दुसरीकडे वळवली. शेजारी व्हिसल वाजवणारी मुलगी असेल बारा वर्षांची. धून संपल्यावर ती हळूच म्हणाली, “तो दुसरा कॉर्ड आमच्या धुनेत नाहीये. ई मायनर आणि डी, बास. आणि आधी एकदा ऐका ना!”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ‘ई’ला सा मानलं, तर त्या धुनेत ग आणि नी कोमल, बाकीचे शुद्ध. अरे, हा तर आपला काफी थाट! आणि बी सेव्हनमध्ये बसलाय शुद्ध नी. काफीत कुणी सारखा शुद्ध नी ठोकला तर तुमच्या गाण्याच्या बाई काय म्हणतील? पुष्कळ आयरिश धुना अशाच काफीच्या, नाहीतर खमाजच्या सुरावटीत असतात. फिडलने चूक केली तर एक सूर चुकतो. गिटार चुकली, की अख्ख्या टेबलाचा रंग बदलतो.

दुसऱ्या दिवशी मी तारा वेगळ्या लावल्या. नेहमीच्या गिटारच्या तारा जाडीपासून ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक पूर्ण सूर उतरवली, की होतं डी, ए, डी, जी, ए, डी. डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाने ही जुळणी १९६०च्या दशकात रुळवली आणि मिहॉल ओ डोनल याने पुढच्या दशकात ‘बॉथी बँड’मध्ये आयरिश धुनांच्या साथीला वापरली. ‘डी’ला सा धरून म्हणून बघा: सा प सा म प सा. जवळजवळ तंबोराच! यात गंधार नाहीच. तो कोमल की शुद्ध, हे धुनेनं ठरवायचं. गिटारने मध्ये बोलायचं नाही. घरी गिटार असेल तर करून बघा, पण तारा वर ताणू नका हं, उतरवायच्यात.

तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा तीच रील आली. पहिला फेरा मी तळहात तारांवर ठेवून नुसता ऐकला. दुसऱ्या फेऱ्यात दोनच कॉर्ड, हलक्या हाताने. तिसऱ्या फेऱ्याच्या शेवटी व्हिसलवालीने भुवई उडवली आणि सगळे धाडकन डीमधल्या एका अनोळखी रीलमध्ये शिरले. मी घाईने बोटं उचलली, मोकळ्या तारा तेवढ्या वाजू दिल्या.

आजोबांनी वाजवता वाजवताच आपली खुर्ची जराशी सरकवली. माझी गिटार त्यांच्या कोपराला लागत होती ना!